बंद न होणारी मोटार

(दृश्य: वाळवा तालुका, पहाट. उसाच्या सरीत पाणी शिरतंय.)

कृष्णाकाठच्या शिवारात दारं धरणं हे नजरेचं काम. मोटार सुरू झाली की पाणी पाटात, पाटातून सरीत. सरी भरली की दारं मोडून पाणी पुढं वळवायचं. भिजवण झाली की मोटार बंद.

आपल्या पेशीतही असेच पाट आहेत. बाहेरून निरोप आला की एक प्रथिन दुसऱ्याला फॉस्फेट चिकटवून जागं करतं, दुसरं तिसऱ्याला. निरोप केंद्रकात पोचतो: वाढ, थांब, आता मर.

(दृश्य: ओसरी. काका रिपोर्टची फाईल उघडतात.)

काकांना थकवा यायचा, डाव्या बरगडीखाली जड वाटायचं. ती फुगलेली प्लीहा होती. पांढऱ्या पेशी अकरा हजारांच्या आत हव्यात, त्या लाखावर गेलेल्या. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा एक कर्करोग.

सुरुवात अस्थिमज्जेतल्या एका पेशीत झाली. गुणसूत्र ९ आणि २२ यांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली आणि २२ आखूड झालं. असं आखूड गुणसूत्र १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना दिसलं होतं. तुकडा गेला कुठं, ते १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं. सांध्यावर दोन जनुकं जुळून बीसीआर-एबीएल हे प्रथिन बनतं. एरवी एबीएल गरजेपुरतं चालतं. बीसीआरची जोड मिळाली की ते थांबतच नाही.

मोटार एक, पाट अनेक: रास, जॅक-स्टॅट, पीआय-३-के. कुठून पेशीला विभागत राहायचा हुकूम, कुठून मरण टाळायचा. यातला एकही पाट मुळात फुटलेला नसतो, तरी सगळं रान उपळतं. म्हणून बिघडलेलं जनुक सापडलं एवढ्यानं भागत नाही. त्याचं पाणी कुठंकुठं जातं, हे बघावं लागतं.

इमॅटिनिब हे औषध थेट मोटारीवर, म्हणजे बीसीआर-एबीएलवर जातं. प्रथिनाच्या ज्या खाचेत एटीपी, म्हणजे पेशीची वीज, जोडली जाते, तिथंच ते बसतं. फ्यूज काढल्यागत. २००१ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. त्याच्या सुधारित रूपाचं पेटंट आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०१३ रोजी नाकारलं आणि देशी, स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली. वाळव्यातल्या ओसरीवर त्या निकालाचं मोल कळतं.

कधी खाचच बदलते. प्रथिनाच्या ३१५ व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी आयसोल्युसिन आलं की इमॅटिनिब बसत नाही. तिथं पोनॅटिनिबसारखं दुसरं औषध लागतं. अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या वेगानं वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात तर एफएलटी-३, एनपीएम-१, डीएनएमटी-३-ए अशा जनुकांतले बिघाड बरेचदा एकत्र सापडतात. तिथं एक फ्यूज काढून रान कोरडं होत नाही.

(दृश्य: रात्र. जेवण उरकलेलं.)

काका चारशे मिलिग्रॅमची गोळी पेलाभर पाण्याबरोबर घेतात. मागच्या रिपोर्टात बीसीआर-एबीएल ०.१ टक्क्याच्या खाली आलंय. पुढची तपासणी तीन महिन्यांनी. अकराला लाईट येईल, त्याआधी त्यांना मळ्यात पोचायचंय.