धाकटीला सगळ्यांत शेवटी कळलं

(दृश्य: एसटी स्टँड, संध्याकाळ. क्लास सुटलेली मुलं.)

आईला माहीत होतं. वडिलांना दिवाळीच्या सुट्टीत सांगून झालं होतं. धाकटीची दहावी, म्हणून तिला परीक्षेनंतर सांगू असं ठरलं. पण क्लासमधल्या मैत्रिणीने मोबाइल पुढे करून आधीच विचारलं, "ही तुझी ताई ना? मग नाव मुलाचं का लावलंय?"

सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातलं हे घर. वडील एसटीत कंडक्टर, आई ब्लाउज शिवते. थोरला पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. जन्माच्या दाखल्यावर तो मुलगी आहे. तो स्वतःला पुरुष म्हणून ओळखतो, म्हणून या निवेदनात आम्हीही 'तो'च म्हणणार आहोत. घरच्यांच्या विनंतीवरून नावं आणि चेहरे दाखवलेले नाहीत.

ट्रान्सजेंडर म्हटलं की धाकटीला रेल्वेत टाळ्या वाजवत येणाऱ्या तृतीयपंथी बायका आठवायच्या. तृतीयपंथीयांसाठी काम करणाऱ्या श्रीगौरी सावंत यांना तिने टीव्हीवर पाहिलं होतं. पण मुलगी म्हणून वाढलेलं माणूस पुरुष असू शकतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वडिलांना एक बातमी आठवत होती. २०१८ साली बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे यांच्यावर मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात लिंगबदल शस्त्रक्रिया झाली, तेव्हा डेपोत सगळ्यांनी ती वाचली होती. तेवढंसुद्धा त्यांना धाकटीशी बोलता आलं नाही.

(दृश्य: शिलाई मशीन, मापांची वही.)

धाकटीला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आई गावाला गेली होती. पॅड कसं लावायचं, पोट दुखलं तर काय करायचं, शाळेत डाग पडला तर कुणाला सांगायचं, हे सगळं थोरल्याने समजावलं. त्या रात्री तो तिच्या शेजारी झोपला. तीच गोष्ट तिला आता सलत होती. "मग तेव्हा माझ्याशी बोलत होतं ते कोण होतं?" तिने आम्हाला विचारलं.

थोरला म्हणाला, "मीच होतो. तू रडत होतीस, ते बघवेना. माझी पाळी मला नकोशी व्हायची, पण ते तेव्हा तुला कसं सांगणार?"

हे बोलणं व्हायला फार वेळ गेला. त्याआधी कित्येक महिने तिने त्याला हाकच मारली नाही. 'अगं' नाही, 'अरे'ही नाही. 'जेवायला वाढलंय', एवढंच.

त्यात आत्या तिच्यादेखत म्हणाली, "आता हिचं लग्न कसं जमवायचं?" सोळा वर्षांच्या पोरीला अभ्यास सोडून लग्नाची भीती घातली, आणि त्या भीतीचा सगळा राग भावावर निघाला. असा राग बऱ्याचदा मुलांचा स्वतःचा नसतो. मोठ्यांनी तो त्यांच्या गळ्यात बांधलेला असतो.

काकांनी 'उपचार' सुचवले. थोरला आजारी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत ट्रान्सजेंडर असणं मानसिक विकारांत मोडत नाही. अशी माणसं 'बदलून देण्याचे' उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने त्याच वर्षी बजावलं. आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी, हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला होता. २०१९ च्या कायद्याचं बारावं कलम तर थेट घराबद्दल बोलतं: अशा व्यक्तीला आईवडिलांच्या घरात राहण्याचा हक्क आहे, तिला घराबाहेर काढता येत नाही.

कायद्याने थोरल्याची खोली राखली. पण धाकटीशी कोण बोलणार होतं? आईला हे उशिरा सुचलं. १४४१६, म्हणजे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक, तिने मुलीला लावून दिला आणि स्वतः ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. समुपदेशक बाईंनी 'भावाला स्वीकार' असं एकदाही म्हटलं नाही. तुला कशाचं वाईट वाटतं, एवढंच विचारलं. धाकटी खूप रडली. आपली ताई गेली असं वाटतं, आणि तसं म्हटलं की घरातले गप्प करतात, हे तिने त्या दिवशी मोठ्याने सांगितलं.

मार्चमध्ये थोरला आला तेव्हा आई त्याच्या शर्टाचं माप घेत होती. छाती, खांदा, बाही. लिहून घ्यायला नेहमीसारखी धाकटीच बसली. पानावर कुणाचं नाव घालायचं, असं तिने त्यालाच विचारलं आणि त्याने सांगितलं तसं लिहिलं. 'दादा' मात्र ती अजून म्हणत नाही. तोही मागे लागत नाही; ते आम्हाला फार शहाणपणाचं वाटलं.

(दृश्य: लग्नपत्रिकांचा गठ्ठा.)

मे महिन्यात चुलतभावाचं लग्न आहे. थोरल्याने शर्ट-पँट घालून मांडवात येऊ नये, असा आत्याचा निरोप आला. धाकटीने स्वतः फोन लावला. "तो येईल तसा येईल. नसेल चालत, तर मीही येत नाही."

आत्याने अजून उत्तर दिलेलं नाही. लोक काय बोलतील याची धाकटीला धास्ती आहे, आणि लग्नाला जायची तिकिटं वडिलांनी काढून ठेवलीत. चार.