टवका आणि झाकणातला ब्रश

ज्यांच्या गाडीला एकही टवका उडालेला नाही, त्यांनी हात वर करा. एक हात दिसतोय. गाडी कालच घेतलेली दिसते, किंवा बॉनेटच्या पुढच्या कडेला अजून वाकून पाहिलेलं नाही.

आजच्या गाडीवरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. मिलिमीटरचा दहावा-सातवा हिस्सा. तळाशी विजेच्या प्रवाहाने बसवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट. यात सगळ्यात पातळ थरांपैकी एक म्हणजे रंग. शोरूममध्ये अर्धा तास वाद घालून ज्या शेडवर घरात एकमत होतं ना, तोच!

आता माझं जुनं दुखणं: टच-अपच्या, म्हणजे टवके झाकायच्या रंगाच्या बाटलीच्या झाकणाला चिकटलेला तो ब्रश. टवका मोहरीएवढा आणि ब्रश नखाला रंग लावायच्या मापाचा. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ, चंदेरी गाडीचे मालक, हिशेबाला अत्यंत पक्के. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून रंगाचा कोड उतरवून घेतला, बाटली आणली, ब्रश फिरवला. काळपट टेकडी तयार! बाटली बदलून आणली, तरी काळपटच. मग कोड चुकीचा म्हणून दुकानदाराशी भांडण. कोड अगदी बरोबर होता हो. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. फवाऱ्यात त्या बऱ्याचशा आडव्या बसतात. ब्रशने लावलं की वाटेल तशा उभ्या-तिरक्या राहतात आणि उजेड नीट परतत नाही. शेवटी वर्कशॉपने सांगितलं, पूर्ण बॉनेटला रंग मारावा लागेल. गृहस्थ मला म्हणाले, “आधी टवका फक्त मला दिसायचा, आता बायकोच्या माहेरच्यांनाही दिसतो.” (हशा)

माझं म्हणणं एवढंच, की टवका हा खड्डा आहे. तो भरायचा; आजूबाजूच्या चांगल्या रंगावर ब्रश न्यायचाच नाही.

घड्याळ दाखवताय, कळलं. पत्रिकेत ‘योग्य पद्धत’ छापलीय, तेव्हा पळत पळत सांगतो. गाडी धुवा, सावलीत लावा. पत्रा तापलेला नको. आयसोप्रोपिल अल्कोहोलने मेण आणि तेलकटपणा काढा. सुटलेले पापुद्रे आणि गंज खरवडा. उघडा पत्रा दिसला तर प्रायमर. खाली प्रायमर शाबूत असेल तर थेट रंग. टूथपिकच्या टोकावर इवलासा थेंब घ्या, खड्ड्याच्या मधोमध टेकवा, तो आपोआप पसरेल. वाळताना थिनर उडून रंग खाली बसतो, म्हणून एका जाड थेंबाऐवजी अनेक पातळ थेंब, मध्ये वाळू देत. वर क्लिअर कोट, किंचित उंच. मग आठवडाभर हात लावू नका. उंचवटा खुपत असेल तरच २००० किंवा ३००० नंबरचा पॉलिश पेपर, भरपूर पाणी, हलका हात, शेवटी कंपाउंड, म्हणजे चकाकी आणणारी पेस्ट. आजूबाजूचा क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा आहे, तो घासून जाऊ देऊ नका. मोत्यासारखी झाक असलेल्या तीन थरांच्या रंगांबद्दल बोलायचं होतं, ते राहिलं.

प्रश्न आलाय, बंपरचं काय? बहुतेक बंपर प्लास्टिकचे, गंजण्याचा प्रश्नच नाही, सवडीने करा. पत्र्यावरचा टवका मात्र पावसाळ्याआधी. आणि नेलपॉलिश चालेल का, असं मागून कोणीतरी कुजबुजलं. रंग जुळणार नाही, आणि पुढे ते ॲसिटोनने पुसायला गेलात तर शेजारचा क्लिअर कोटही खराब होईल.