कापलेल्या ओळी

ही पाळ, म्हणजे मातीचा बांध, गोंदिया जिल्ह्यातल्या एका जुन्या, मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या काळातल्या तलावाची. बातमीदार होतो तेव्हा रोज हिच्यावरूनच सायकल हाणायचो, रस्ता जवळचा म्हणून. पाण्याकडे पाहायला थांबलो ते फार उशिरा.

वीज पडून दगावलेले बैल, ग्रामपंचायतीचे निकाल, पोळ्याची गर्दी. बातम्या पाकिटात घालून संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायच्या. जेवढं छापून येईल तेवढ्याचे पैसे.

एका पावसाळ्यात धानाची रोवणी, म्हणजे लावणी, आटोपली आणि पाळीखालच्या बांधीत, म्हणजे खाचरात, सारसानं घरटं केलं. गेलो. गुडघाभर पाण्यात गवताचा आणि उपटलेल्या धानाचा ढीग, त्यावर दोन अंडी, आणि शेजारी माणसाएवढा उंच पक्षी, लाल मानेचा. दहा हातांवर बांधीवाली आजी निंदण करत होती.

"आजी, नुकसान झालं ना?"

आजी हसली. "पावने आले जी माह्या घरी. धान त्याइचं, तनस माही." तनस म्हणजे पेंढा.

महिनाभर नर-मादी आळीपाळीनं अंड्यांवर बसली. तेवढे दिवस आजीनं त्या कोपऱ्यात पाय ठेवला नाही. कुत्रं दिसलं की ढेकूळ घेऊन धावायची. मी सगळं लिहून पाठवलं. छापून आल्या चार ओळी: सारसामुळे धानाचे नुकसान. खोटं त्यात काही नव्हतं. आजी मात्र नव्हती.

त्या रात्री तिला वहीत पुन्हा लिहिलं. पुढं कापल्या गेलेल्या ओळींनी ती वही भरत गेली, आणि माझं विनोदी लेखन, पाखरांवरचं लेखन, दोन्ही तिच्यातूनच आलं. झाडीत, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भाच्या मुलखात, ही दोन खाती वेगळी नाहीतच. इथला माणूस नुकसान सांगतानाही हसवतो. हसू पिकायला किती थांबावं, ते मी दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत शिकलो, रातभर नाटक बघत, तनशीवर बसून.

हे तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. देवधान, म्हणजे आपोआप उगवणारं रानधान, होतं तिथं आता बेशरमाचं तण माजलंय. राज्यातले सारस मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरलेत, तेही मोजके. हे लिहिताना मला हसू येत नाही.

आजी आता नाही. यंदा रोवणीनंतर तिच्या सुनेचा फोन आला. जोडी बांधीत चरत होती, घरटं अजून नव्हतं. विचारलं, "किती धान जाईल?"

"पयले राहू तर द्या जी त्याइले."