आभाळ येतं, आकाश येत नाही

(दृश्य: ठाणे, तलावपाळी. जूनमधली सकाळ. येऊरचा डोंगर निम्मा दिसेनासा झालाय.)

निवेदन:
मासुंदा तलावाच्या कठड्यापाशी चहावाला ताडपत्री ओढून घेतो. म्हणतो, "आभाळ आलंय."

आलंय म्हणजे? काल नव्हतं का?

आकाश कधी येत नाही, ते असतंच. आभाळ मात्र येतं, दाटतं, भरून येतं, वारा सुटला की निघूनही जातं. कारण मुळात आभाळ म्हणजे ढग. संस्कृतात अभ्र. प्राकृतात जोडाक्षर मऊ होऊन झालं अब्भ. त्याच कुळातलं आपलं आभाळ.

ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे इसवी सन 1290 ची. तिच्यात ज्ञानेश्वर म्हणतात, वारा आभाळ तेवढं फेडतो, सूर्य काही तो घडवत नाही. इथे आभाळाच्या जागी आकाश घालून बघा. वारा आकाश फेडणार कसं?

(दृश्य: ठाण्याची खाडी, ओहोटी.)

ढगाच्या नावावरून वरच्या अख्ख्या पोकळीला नाव पडलं, असं आपल्याकडेच झालं म्हणावं, तर तसंही नाही. नभ घ्या. त्याचा जुना अर्थ धुकं, ओल, ढग. ग्रीक भाषेतला त्याचा भाऊ नेफोस, तो ढगच राहिला. रशियन नेबो मात्र आकाश झाला. इंग्रजी स्कायसुद्धा उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आला तेव्हा ढगच होता. आपल्या जुन्या पंचांगात तर श्रावणाचं नाव नभस् आणि भाद्रपदाचं नभस्य. म्हणजे ऐन पावसाचे महिने!

मला यात नवल वाटत नाही. निरभ्र निळ्याकडे मान वर करून कोण बघतं? (निरभ्र, म्हणजे अभ्र नसलेलं, तिथेही ढग लपलाय.) माणूस वर बघतो तो ढग आल्यावर. खाडीकाठच्या मिठागरात तर हे पक्कं कळतं. वाफ्यात मीठ धरलेलं असताना आभाळ आलं, की पोटात गोळा. एक सर आली तर मीठ पुन्हा पाणी.

आकाशाचं घराणं वेगळं. काश् म्हणजे चमकणं. प्रकाश, अवकाश, आकाश, तिघांच्या पोटात तोच धातू. पंचमहाभूतांतलं ते पाचवं, सगळ्यांना जागा देणारं. जे सगळीकडे आहे, ते येणार कुठून?

आज आपण दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो. आभाळाएवढी माया म्हणताना ढग कुणाच्या मनात नसतो. पण 'आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार' म्हणताना फाटतं ते नक्की काय? छत की ढग? मला तरी ढगच दिसतो.

(दृश्य: पुन्हा तलावपाळी. ताडपत्रीखाली चार गिऱ्हाइकं.)

"पडेल का हो?"

चहावाला वर बघतो.

"छे! नुसतं आभाळ आहे."