कॅमेरा घेऊन ऱ्हाइन-डॅन्यूबवर

नमस्कार मंडळी.

युरोपात नदीवरच्या बोटीतून फिरायला जाणारे आपल्याकडचे लोक आता बरेच झालेत. कुणी ॲमस्टरडॅमहून थेट बुडापेस्टपर्यंतची मोठी सफर करतं, तर कुणी ग्रुप टूरमध्ये ऱ्हाइनवर तासाभराचा फेरा मारून येतं. परत आल्यावर मोबाइल फोटोंनी ठासून भरलेला असतो. घरी आलेल्या पाहुण्यांना ते दाखवायला घेतले, की पाचव्या-सहाव्या किल्ल्यानंतर पाहुणे हळूच घड्याळ बघायला लागतात. म्हणून आज ठरवलं, की किल्ल्यांचं वर्णन बाजूला ठेवू आणि चालत्या बोटीवरून फोटो काढायचे कसे, एवढंच बोलू.

डोंगरावर किंवा गावात फिरताना फोटो काढणाऱ्याला एक सोय असते. जागा आवडली नाही तर तो दोन पावलं सरकतो, पुन्हा मागे येतो, ऊन पडायची वाट बघतो. बोटीवर यातलं काही हातात नसतं. तुमची जागा कप्तान ठरवतो आणि बोट प्रवाहाबरोबर ताशी वीसेक किलोमीटरने निघालेली असते. किल्ला दिसल्यावर कॅमेरा शोधायला घेतला, की तो हातात येईपर्यंत किल्ला मागे पडतो. तेव्हा इथे खरी तयारी कॅमेऱ्याची नसते, नदीची असते. आपण नदीच्या कुठल्या टप्प्यावर आहोत आणि त्या वेळी सूर्य कुठे असेल, हे आधी माहीत हवं.

टप्पा कळायला अगदी साधी सोय आहे. ऱ्हाइनच्या दोन्ही काठांवर किलोमीटरचे मोठे फलक लावलेले असतात. मोजणी कॉन्स्टान्स गावच्या पुलापासून सुरू होते आणि आकडे प्रवाहाच्या दिशेने वाढत जातात. प्रसिद्ध लोरेली खडक साधारण ५५४ किलोमीटरवर आहे. त्याच्या आठ किलोमीटर आधी, ५४६ च्या आसपास, कौब गावापाशी नदीच्या मधोमध पांढऱ्या भिंतींचा फाल्ट्सग्राफेनश्टाइन किल्ला उभा आहे. चौदाव्या शतकात हा जकात वसूल करायला बांधला, आणि पैसे भरल्याशिवाय बोटी पुढे जाऊ नयेत म्हणून इथे नदीत साखळी टाकत. हे दोन-चार आकडे चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. ५४० चा फलक दिसला की डेकवर जायचं, हे मग कुणी सांगावं लागत नाही. डॅन्यूबवर मात्र सगळं उलटं. तिथे मोजणी काळ्या समुद्रावरच्या सुलिना बंदरापासून वर येते. बुडापेस्ट सुमारे १६४७ वर आणि व्हिएन्ना १९३० च्या जवळपास. म्हणजे व्हिएन्नाहून बुडापेस्टला जाताना आकडे उतरत जातात. पहिल्यांदा जाणाऱ्याचा इथे हमखास गोंधळ होतो.

आता सूर्य. बिंगन ते कोब्लेन्झ हा ऱ्हाइनचा ६५ किलोमीटरचा घळईसारखा भाग २००२ साली युनेस्कोच्या वारसा यादीत आला. बहुतेक मोठे किल्ले याच पट्ट्यात आहेत. इथे नदी वळणं घेत साधारण वायव्येकडे वाहते. नदीचा उजवा-डावा किनारा नेहमी प्रवाहाच्या दिशेला तोंड करून ठरवतात, त्यामुळे उजवा किनारा पूर्वेकडचा आणि डावा पश्चिमेकडचा. सकाळचं ऊन पश्चिमेकडच्या काठावर पडतं, म्हणून सांक्ट गोआर गावाच्या डोक्यावरचा राइनफेल्स किल्ल्याचा अवशेष सकाळी उजळलेला दिसतो. लोरेली उजव्या काठावर आहे. सकाळी तिच्यामागूनच सूर्य येतो आणि फोटोत नुसता काळा ढिगारा उरतो. दुपारनंतर गेलात तर खडकाचे पदर न् पदर सुटे दिसतात. तरीही, एक सांगतो, लोरेली म्हणजे शेवटी १३२ मीटर उंचीचा एक कडाच आहे. बोटीच्या ध्वनिक्षेपकावर तिच्यावरचं गाणं लागतं, डेकवरचे सगळे एकाच कठड्यावर गर्दी करतात, आणि सगळ्यांचे फोटो सारखेच येतात. मी अशा वेळी नदीकडे बघतो. तिथे पात्र अरुंद आहे, वळण अवघड आहे आणि समोरून येणाऱ्या बोटींची खबर द्यायला काठावर दिव्यांचे इशारे आहेत. त्या वळणावर समोरून कंटेनर लादलेली लांबलचक मालबोट आली, की खडक नुसता पार्श्वभूमीला राहतो आणि फोटोत काहीतरी घडत असतं.

ग्रुप टूरवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. आपल्याकडच्या बऱ्याच सहलींत सांक्ट गोआर ते बोपार्ड असा तासाभराचा प्रवास असतो. लोरेली त्या टप्प्यात येत नाही, ती सांक्ट गोआरच्या थोडी वरच्या अंगाला राहते. "अहो, लोरेली कुठली ती? गेली का?" असं निम्मी बोट विचारत असते. तिची वाट बघत बसू नका. त्याच टप्प्यात, उजव्या काठावर, कांप-बोर्नहोफेन गावाच्या वर एकमेकांना खेटून दोन किल्ले आहेत, श्टेरेनबेर्ग आणि लीबेनश्टाइन. लोक त्यांना वैरी भाऊ म्हणतात. दोघांच्या मध्ये खरोखरच एक जाडजूड भिंत आहे. भाऊबंदकी दगडात बांधलेली बघायची असेल तर याहून चांगली जागा नाही. फोटो काढताना दोन्ही किल्ले आणि मधली भिंत, तिन्ही एका चौकटीत घ्या. नुसता एक किल्ला घेतलात तर त्यातली गोष्टच निघून जाते.

हाताबद्दल थोडं. बोटीचं इंजिन मागच्या बाजूला असतं, त्यामुळे मागच्या डेकवर थरथर जास्त. पुढच्या भागात उभे राहा. कठड्याला टेकू नका, ती थरथर कठड्यातून थेट अंगात येते. तिपाई डेकवर ठेवली तर तिचीही तीच गत होते. गुडघे किंचित सैल, कोपरं बरगड्यांना टेकलेली, अशी उभं राहायची सवय करा. दिवसा शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाला किंवा त्याहून जलद ठेवा आणि त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता) वाढवावा लागला तर खुशाल वाढवा. थोडे दाणे दिसलेले चालतात, हललेला फोटो चालत नाही. मोबाइलचा पॅनोरमा तर चालत्या बोटीवर विसराच, किल्ल्याचा बुरूज चक्क वाकडा होऊन येतो. प्रवाहाविरुद्ध जाताना वेग बराच उतरतो आणि तेव्हा निवांत काम करता येतं. सहल निवडताना दोन्ही दिशांचे पर्याय असतील तर फोटोवाल्या माणसाने वर जाणारी बोट घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऱ्हाइन आणि डॅन्यूब यांना जोडणारा कालवा १९९२ साली पुरा झाला. १७१ किलोमीटर लांब, १६ लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारे दारबंद हौद. त्यातली लॉकं जेमतेम १२ मीटर रुंद आणि आपली बोट सव्वाअकरा-साडेअकरा मीटरची. दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरते. बहुतेक प्रवासी त्या वेळी पत्ते खेळत बसलेले असतात किंवा जेवत असतात. तुम्ही खिडकीशी या. बोट आत शिरते तेव्हा खोलीत एकदम अंधार होतो, आणि काचेपलीकडे ओली काँक्रीटची भिंत, तिच्यावर हिरवं शेवाळ, भिंतीत बसवलेली लोखंडी शिडी. तिच्या एकेका पायरीवरून पाणी निथळत असतं. वरच्या डेकवर जायला परवानगी असेल तर वर जा. हातमोजे घातलेला खलाशी दोराचा फास भिंतीतल्या एका खुंट्यावरून काढून वरच्या खुंट्यावर टाकत असतो, कारण बोट पाण्याबरोबर वर चढत असते. हिल्पोल्टश्टाइनसारख्या लॉकमध्ये ही चढण सुमारे २५ मीटरची आहे. तळाशी असताना विहिरीत उभं राहून वर बघितल्यासारखं आभाळ दिसतं, लांबट, चौकोनी. तिथे त्या हातांचा आणि दोराचा फोटो काढा. किल्ले शंभर वर्षांनीही तसेच दिसतील, पण या कामाचे फोटो फारसे कुणी काढत नाही. पूल ठेंगणे असले की डेकवरचे कठडे आणि छत्र्या आडव्या केल्या जातात, सुकाणूघरसुद्धा खाली उतरवतात. तेव्हा डेक बंद असतो आणि खलाशी सांगतील ते ऐकायचं. पुलाखालून जाताना उभं राहून सेल्फी काढायचा मोह जिवावर बेतू शकतो.

केबिनच्या काचेतून फोटो घ्यायचाच असेल तर खोलीतले सगळे दिवे बंद करा, फ्लॅश बंद करा, अंगात गडद रंगाचा शर्ट असू द्या. पांढरा सदरा काचेत बरोबर उमटतो. बाल्कनीचं दार उघडतं तर उघडाच. पण कधीकधी धक्क्याला जागा नसते आणि बोटी एकमेकींना लावून बांधतात. सकाळी पडदा सारला की हातभर अंतरावर दुसऱ्या बोटीची खिडकी आणि त्यात दाढी करणारे कुणीतरी आजोबा. तेव्हा कॅमेरा ठेवून पडदा ओढावा, हे उत्तम.

सगळंच बोटीवरून घ्यायचा हट्टही नको. जर्मनीतल्या पासाउ गावी डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या एकत्र येतात. इन हिमनद्यांचं पाणी आणते, म्हणून हिरवट, दुधाळ. इल्झ दलदलीतून येते, म्हणून काळसर. बोटीच्या डेकवरून हा फरक नीट कळतच नाही. वर ओबरहाउस किल्ल्यावर चढून जा, सूर्य डोक्यावर असताना, आणि असेल तर पोलरायझर (पाण्यावरची चकाकी कमी करणारा फिल्टर) लावा. रंगांच्या रेघा वेगवेगळ्या दिसतील. परत येताना पासाउच्या टाउन हॉलच्या भिंतीवरच्या पुराच्या खुणा बघा. २०१३ साली पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं. त्या खुणेखाली एखाद्या माणसाला उभं करून फोटो काढला, की पुराचा आकडा डोळ्यांना कळतो.

ऑस्ट्रियातल्या वाखाउ खोऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो. मेल्कपासून क्रेम्सपर्यंत ३६ किलोमीटर, द्राक्षांचे टप्पे, जर्दाळूची झाडं. ड्युर्नश्टाइन गावचा निळा-पांढरा मनोरा डाव्या, म्हणजे उत्तरेकडच्या काठावर दक्षिणेकडे तोंड करून आहे, त्यामुळे त्याला दिवसभर ऊन मिळतं. फोटो बिघडवायचा म्हटलं तरी तिथे कठीण.

आणि जिथे किल्ले संपतात, तिथे काय? कोलोनच्या खाली ऱ्हाइन सपाट होते, काठावर गवत आणि कारखाने, आणि डेक ओस पडतो. आंद्रेआस गुर्स्की या जर्मन छायाचित्रकाराने ड्युसेलडॉर्फजवळ याच सपाट नदीचा फोटो घेतला. त्यात गवताचा पट्टा, डांबरी वाट, पाणी, पुन्हा गवत आणि राखाडी आभाळ, बस्स. समोरच्या काठावरच्या इमारती त्याने संगणकावर पुसून टाकल्या. १९९९ सालचा तो फोटो २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्रेचाळीस लाख डॉलरवर गेला. आपल्याला त्रेचाळीस लाख कुणी देणार नाही, पण जेवण थोडं आवरून त्या कंटाळवाण्या पट्ट्यात डेकवर यायला काय हरकत आहे? ढगाळ दिवस तर आणखी चांगला.

बुडापेस्टकडे येऊ. बऱ्याच बोटी संध्याकाळी शहरासमोरून एक फेरी मारतात. पार्लमेंटची इमारत पेश्त बाजूला, म्हणजे पूर्वेच्या काठावर. बोट उत्तरेकडे, प्रवाहाविरुद्ध चालली असेल तर ती उजव्या हाताला येईल, राजवाडा डावीकडे. पार्लमेंट २६८ मीटर लांब आहे, तेव्हा वाइड लेन्स बरोबर ठेवा. घुमट ९६ मीटर उंच, हंगेरियन लोक या प्रदेशात आल्याचं साल ८९६, त्याची ती आठवण. खरी वेळ सूर्यास्तानंतरची, जेव्हा दिवे लागलेले असतात आणि आभाळ अजून गडद निळं असतं. आपल्याकडे संधिप्रकाश बघता बघता संपतो, तिथे उन्हाळ्यात तो चांगला रेंगाळतो. जूनमध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरमध्ये चारच्याही आधी. मोबाइलच्या पडद्यावर उजळलेल्या भिंतीवर हाताचं बोट टेकवून उजेड जरा खाली ओढा, नाहीतर इमारत पिवळ्या डागासारखी होते. नाइट मोड दोन-तीन सेकंद घेतो, तेवढ्यात बोट पुढे सरकलेली असते, तेव्हा तो एका सेकंदावर आणा किंवा बंद करा.

दुसऱ्या दिवशी पार्लमेंटजवळच्या काठावर पायी जा. तिथे लोखंडी बुटांचे ६० जोड ठेवलेत, २००५ सालचं स्मारक. १९४४-४५ मध्ये ॲरो क्रॉस या हंगेरीतल्या नाझीधार्जिण्या पक्षाच्या लोकांनी ज्यूंना इथे आणून बूट काढायला लावले आणि गोळ्या घालून नदीत टाकलं. त्या बुटांत पाय घालून फोटो काढणारे लोक दिसतात. तुम्ही तसं करू नका, आणि आपल्या ग्रुपमधलं कुणी करत असेल तर त्यालाही थांबवा. माणसांच्या फोटोंबद्दल हंगेरीचा कायदाही २०१४ पासून कडक आहे. गर्दीचं दृश्य चालतं, पण एकट्या माणसाचा चेहरा टिपायचा तर त्याला विचारावं लागतं. बाजारात मिरचीच्या माळा विकणाऱ्या बाईंना हसून, खुणेने विचारलं तरी पुरतं.

पार्लमेंटच्या रात्रीच्या फोटोत घुमटाभोवती पांढरे ठिपके किंवा छोट्या रेघा दिसल्या तर लगेच पुसायला घेऊ नका. घरी कुणीतरी नक्की विचारेल, "लेन्सवर धूळ होती का हो?" ते सीगल पक्षी आहेत. दिव्यांवर येणारे किडे खायला ते रात्री उशिरापर्यंत तिथे घिरट्या घालत असतात.

नमस्कार.