नववा सेन्सर बोलंना, कारण टेस्टला बाईट चालत नव्हते

नमस्कार मंडळी, जालन्याहून बोलायलोय. टेस्ट सूटला (प्रोग्राम बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या टेस्टच्या संचाला) बायनरी इनपुट, म्हणजे अक्षरं नसलेले कच्चे बाईट, कसं द्यायचं हे आज सांगतो, आणि हे मी शिकलो ते मोसंबीच्या बागेत.

बागेत ड्रिपसाठी ओलावा मोजणारे सेन्सर आहेत, मॉडबस आरटीयूवर (यंत्रं वायरवरून बाईटमधी बोलायची एक पद्धत) चालणारे, आणि त्यांचं रीडिंग घेणारा प्रोग्राम आम्ही पायथनमधी लिहिलाय. आठ सेन्सर होते तोवर मधूनच एखादं रीडिंग गळायचं, आम्ही म्हणलं वायर ढिली असंल. मग नववा बसवला तं त्याचं एकबी रीडिंग येईना. वायर बदलली, सेन्सर बदलला, भर उन्हात दोन दिवस गेले. आणि लॅपटॉपवर टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास!

गडबड एका ओळीत होती. आलेल्या फ्रेमवर (सेन्सरकडून एका वेळी येणारा बाईटचा गठ्ठा) कुणीतरी स्ट्रिप, म्हणजे टोकाची मोकळी जागा कापणारं फंक्शन, लावलेलं. पायथनमधी बाईट्सवर स्ट्रिप लावलं की दोन्ही टोकांचे ०९ ते ०डी आणि २० हे बाईट (हे आकडे हेक्समधी, म्हणजे सोळाच्या पटीत मोजलेले) उडतात, कारण ते टॅब, न्यू लाईन, स्पेस धरले जातात. नवव्या सेन्सरची फ्रेम सुरूच ०९ नं होती, म्हणजे त्याचा पत्ताच कापला जायचा. बाकीच्यांचं कधी सीआरसीचा (फ्रेमच्या शेवटी असलेल्या, चूक पकडायच्या दोन बाईटचा) शेवटचा बाईट यातला निघाला की तेवढंच रीडिंग जायचं, २५६ पैकी असे ६ बाईट आहेत.

मग टेस्टनं का नाही पकडलं? हे मला जास्त लागलं. आमचा टेस्ट रनर इनपुट फाईल टेक्स्ट म्हणून उघडायचा. आता ही फ्रेम बघा, सेन्सरला दहा रजिस्टर (त्याच्यातले आकड्यांचे कप्पे) मागणारी: ०१ ०३ ०० ०० ०० ०ए सी५ सीडी. यूटीएफ-८ (बाईटची अक्षरं करायची नेहमीची पद्धत) म्हणून वाचायला गेलं की सी५ वर एरर, कारण त्याच्यामागं ८० ते बीएफ मधलाच बाईट यायला पाहिजे अन् आला सीडी. तेच लॅटिन-१ ही दुसरी पद्धत लावलं तं एरर येत नाही, पण वाचताना ०डी चा गुपचूप ०ए होतो, हे तं अजूनच वाईट. म्हणून खरी फ्रेम टाकली की टेस्ट फुटायची, मग कुणीतरी ती काढून टाकायचं आणि साधी सोपी ठेवायचं. ज्या फ्रेमची टेस्ट पाहिजे होती नेमकी तीच सूटमधी शिरत नव्हती.

आता आम्ही काय केलं, तं छोटी फ्रेम हेक्समधी लिहितो, बाईट्स डॉट फ्रॉमहेक्सनं बाईट करतो, मधल्या स्पेस ते स्वतःच सोडून देतं. हेक्स असल्यामुळं रिव्ह्यू करणाऱ्याला नजरेनं वाचता येतं, बेस६४ (बाईट अक्षरांत लिहायची दुसरी पद्धत) मधी ते होत नाही. सबप्रोसेसला (पायथनमधून दुसरा प्रोग्राम चालवायची सोय) इनपुट देताना टेक्स्ट इक्वल्स ट्रू लावायचं नाही. आउटपुटबी बाईट म्हणूनच तपासायचं, अन् फेल झालं तं दोन्ही बाजू हेक्समधी छापायच्या.

मोठ्या रेकॉर्डिंगची डॉट बिन फाईल ठेवा आणि गिटॲट्रिब्यूट्समधी (कोड साठवणाऱ्या गिटच्या सेटिंगच्या फाईलमधी) तिला बायनरी लिहा. नाहीतर फाईल टेक्स्ट हाय का बायनरी हे गिट अंदाजानं ठरवतं, टेक्स्ट समजलं तं विंडोजवर लाईन एंडिंग बदलू शकतं.

आता ९ ते १३ आणि ३२ नंबरच्या (हेक्समधी ०९ ते ०डी आणि २०) सेन्सरची एकेक फ्रेम आमच्या टेस्टमधी आहे, आणि २० नं संपणारीबी.