घड्याळ घ्या हो, पण बंद पडलं तर उघडणार कोण?

नमस्कार मंडळी! पंखा बंद केलाय, माईकमध्ये घरघर येते म्हणून, आणि सोलापूरचा मे महिना काय असतो ते तुम्हाला सांगायला नको, त्यामुळं घाम दिसला तर तेवढं चालवून घ्या.

आजचा विषय इंडिपेंडंट वॉचमेकर्स. म्हणजे मॉलमधल्या मोठ्या कंपन्या नव्हेत, तर छोट्या वर्कशॉपमध्ये वर्षाला मोजकीच घड्याळं करणारी माणसं, ज्यांचं घड्याळ हातात घेतलं की पहिला प्रश्न पडतो, अहो ह्यात वेळ कुठं बघायची? आणि किंमत ऐकली की दुसरा प्रश्न पडतच नाही, माणूस गपगार. ह्या विषयावर सगळे रेअर, लिमिटेड एडिशन, रिसेल व्हॅल्यू ह्यावरच बोलतात, पण मला विचाराल तर गोळा करणाऱ्यानं आधी एकच गोष्ट बघावी, की हे बंद पडलं तर उघडणार कोण. ते का, हे कळायला आधी आतला कारभार बघू.

हे बघा, लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचं मॉडेल बनवलंय, हसू नका. घड्याळ आहे उर्वेर्क कंपनीचं, १९९७ साली फेलिक्स बाउमगार्टनर हा वॉचमेकर आणि मार्टिन फ्राय हा डिझायनर अशा दोघांनी सुरू केलेली, आणि हे त्यांचं यूआर-१०० मॉडेल. ह्यात तासकाटा नाही. मधे एक चाक, त्यावर तीन चकत्या, प्रत्येक चकतीवर चार आकडे. गड्ड्याच्या जत्रेत पाळणा बघितलाय ना, मोठं चाक फिरतंय आणि त्याला डबे लटकलेत, तसंच, फक्त इथं डबे तीनच आणि प्रत्येक डबा वाटेत स्वतःभोवती पाव गिरकी घेतो. पहिल्या चकतीवर १, ४, ७, १०, दुसरीवर २, ५, ८, ११, उरलेले तिसरीवर. आता एक वाजला, की १ चा आकडा खाली ह्या कमानीवर येतो, कमानीवर शून्य ते साठ मिनिटं लिहिलीत, आणि तो आकडाच तासभर सरकत सरकत मिनिटं दाखवतो. साठावर पोचला की तो बाहेर, मागनं २ हजर. पहिली चकती मागच्या बाजूनं फिरून तीन तासांनी परत येते तोवर तिनं पाव गिरकी घेतलेली असते, म्हणून आता समोर ४. ही गिरकी देणारा जो पार्ट आहे त्याला मॉल्टीज क्रॉस म्हणतात, आणि सगळी गंमत, सगळी डोकेदुखी, त्या एवढ्याशा पार्टात.

आयडिया मात्र त्यांची नाही बरं का. सतराव्या शतकात रोममध्ये पोप अलेक्झांडर सातवे ह्यांना रात्री झोप लागायची नाही, टिकटिकीचा त्रास व्हायचा आणि अंधारात वेळही दिसायची नाही, तर कॅम्पानी नावाच्या भावांनी त्यांना असंच सरकत्या आकड्यांचं घड्याळ करून दिलं, आत दिवा ठेवलेला, आकडे कोरून काढलेले, उजेड त्यातनं बाहेर. तीच गोष्ट आता मनगटावर आली. वर यूआर-१०० मध्ये अजून एक फालतू पण भारी प्रकार आहे, साठ मिनिटं संपली की आकड्यासोबतच्या छोट्या काट्याचं टोक दुसऱ्या खिडकीत दिसतं आणि वीस मिनिटांत पृथ्वी विषुववृत्तावर ५५५ किलोमीटर फिरली हे दाखवतं. सोलापूरहून निघून मुंबईच्या पुढं, वीस मिनिटांत! उपयोग शून्य, पण मला लई आवडतं.

दुसरं एक रेसेन्स, बेल्जियमचं, बेन्वा मिंटियन्सचं. त्याच्या टाइप ३ मध्ये डायलचा भाग चक्क तेलात बुडवलाय, त्यामुळं आकडे काचेवरच छापल्यासारखे दिसतात. चावी पण नाही, वेळ मागनं लावायची. मशीन खाली कोरडं, तेल वर, आणि मधे गिअर न जोडता वरची डायल मॅग्नेटनं फिरवलीय. तेल तापलं की फुगतं, म्हणून आत छोटे भाते बसवलेत, ते दबतात आणि जागा करून देतात. आपल्याकडच्या उन्हाचा विचार केला तर हा पार्ट मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आता सांगा, हे सोलापूरच्या नवी पेठेत कोण उघडणार? आपले कारागीर हुशार आहेत, एचएमटी जनता डोळे झाकून खोलतील, कारण तिचे पार्ट अजून मिळतात, एका घड्याळाचा दुसऱ्याला बसतो. इथं प्रत्येक पार्ट त्या एकाच वर्कशॉपचा. आणि वर्कशॉप म्हणजे कधीकधी एकच माणूस. फिलिप डुफूर स्वित्झर्लंडमधल्या ल सोलिया गावात जुन्या शाळेच्या इमारतीत बसून काम करतात, त्यांचं सिम्प्लिसिटी नावाचं घड्याळ २००० साली आलं, पुढं कित्येक वर्षांत दोनशेच्या आसपास झाली. २०२० मध्ये त्यातलं एक लिलावात १३ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. हे साधं तीन काट्यांचं आहे, म्हणून दुसरा चांगला वॉचमेकर पण उद्या ते सांभाळू शकतो. विचित्र घड्याळाचं तसं नसतंय. आणि डायलवर नाव आहे म्हणजे माणूस आत आहेच असं पण नाही, पीटर स्पीक-मारिन २०१७ मध्ये स्वतःच्याच नावाच्या कंपनीतनं बाहेर पडले, कंपनी त्याच नावानं चालू.

मॅक्स ब्युसरची गोष्ट मला म्हणून पटते. आई भारतीय, वडील स्विस. २००५ मध्ये त्यांनी एमबी अँड एफ ही घड्याळांची कंपनी काढली, त्यातला एफ म्हणजे फ्रेंड्स, आणि कुठल्या घड्याळाचं कुठलं काम कोणी केलं त्यांची नावं उघड सांगतात. म्हणजे उद्या अडलं तर विचारायचं कोणाला हे तरी कळतं. त्यांचंच स्वस्तातलं मॅड वन २,९०० फ्रँकचं होतं, मागणी एवढी की लकी ड्रॉ काढायला लागला. त्याहून खाली यायचं असेल तर चीनच्या सिगा डिझाइनचं ब्लू प्लॅनेट बघा, २०२१ मध्ये जिनिव्हाच्या मोठ्या स्पर्धेत बक्षीस घेतलंय, फिरतं पृथ्वीचं बिंबच वेळ दाखवतं.

पैसे भरायच्या आधी घड्याळ करणाऱ्या वर्कशॉपला मेल टाका. ॲडव्हान्स मागत असतील तर, आणि हे लोक मागतातच, वर्कशॉप बुडालं तर त्याचं काय ते लेखी घ्या. ड्रॉइंग आणि स्पेअर पार्ट कोणाकडं राहणार, सर्व्हिसला किती महिने लागणार, हे विचारा. नीट उत्तर आलं नाही तर सोडून द्या, घड्याळ कितीही भारी असो.

आणि सर्व्हिसला परदेशी पाठवताना कस्टमचे कागद आधी करा, सिरियल नंबरसकट, की हे दुरुस्तीला चाललंय आणि परत येणार आहे. कागद नीट असले तर परत येताना ड्युटी दुरुस्तीचा खर्च, विमा आणि वाहतूक एवढ्यावरच लागते. नाहीतर स्वतःच्याच घड्याळावर परत पूर्ण ड्युटी भरून ते सोडवून आणायचं, आणि घरच्यांना ती पावती दाखवायची हिंमत तुमची तुम्ही बघा.